वऱ्हाडच्या उन्हात टिकेल तो हॉप

बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉपच्या वाणांची माहिती काढायला गेलात की आधी अंगावर येतात ती नावे आणि वास. सिट्राला लिंबूवर्गीय फळांचा आणि आंब्याचा वास, शिनूकला चीडाच्या डिंकाचा, साझला मिऱ्याचा आणि वाळत्या गवताचा. ही वर्णने खोटी नाहीत. पण ती ताज्या मालाची असतात, आणि लिहिणारा बहुधा अशा मुलखात बसलेला असतो, जिथे पाकीट थंड गोदामातून निघून थंड दुकानात पोचते. तेच वर्णन वाचून अकोल्याचा माणूस तेच पाकीट मे महिन्यात मागवतो तेव्हा ते कुरिअरच्या बंद गाडीत आणि पत्र्याच्या गोदामात दोन-चार दिवस काढून येते. बाहेर सावलीतच पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, तर पत्र्याखाली काय असेल त्याचा अंदाज करा. म्हणून अमरावती-अकोल्याच्या वाचकाने हॉप निवडण्याचा नेहमीचा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. आधी टिकाऊपणा पाहावा, मग कडवटपणाची ताकद, त्यानंतर वास. नाव सगळ्यांत शेवटी. कपाशीचे बियाणे घेताना जाणता शेतकरी नावाच्या गवगव्यापेक्षा पाकिटावरचा लॉट, तारीख आणि उगवणशक्ती पाहतो, तीच नजर इथे हवी.

पण आधी कायदा, कारण तो टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिक ठरेल. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि मद्याच्या व्याख्येत बिअर येते. ‘विकायला नाही, घरच्यापुरती केली’ हा बचाव त्यात बसत नाही. पुण्यात 2009 मध्ये डूलाली या छोट्या ब्रूअरीने जागेवर बिअर बनवून द्यायला सुरुवात केली ती परवाना काढून. आणि अमरावतीहून वर्धा नदी ओलांडली की लागणारा वर्धा जिल्हा तर दारूबंदीचाच आहे. तेव्हा वऱ्हाडातल्या घरी हॉपचा उपयोग बिनमद्याच्या पेयापुरता ठेवायचा. बिअरविषयी पुढे जे येईल ते जिथे कायद्याने मुभा आहे तिथे राहणाऱ्यांसाठी. ब्रिटनमध्ये घरच्या बिअरसाठी 1963 पासून परवाना लागत नाही, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने 1978 मध्ये ती मोकळीक दिली, आणि वऱ्हाडातली किती तरी मुलेमुली आज त्या देशांत नोकरी करतात. हॉप स्वतः मादक नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो गांजाच्या कुळातला आहे हे खरे, पण गांजाची नशा ज्या द्रव्याने येते ते त्यात नसते.

टिकाऊपणाला पहिला मान का, हे कळायला हॉपमध्ये नेमके काय असते ते पाहावे लागते. हॉपचा वेल असतो आणि नर-मादी वेल वेगळे. मादी वेलाला हिरव्या खवल्यांचे शंकूसारखे फुलोरे येतात आणि खवल्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी धरते. सगळी किंमत त्या भुकटीची. तिच्यात अल्फा आम्ले असतात, ती उकळल्यावर रूप बदलतात आणि पेयाला कडवटपणा देतात. आणि सुगंधी तेले असतात, ती उकळल्यावर उडून जातात. शिवाय ही कडू द्रव्ये दूध आंबवणाऱ्या जातीच्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. युरोपात मध्ययुगापर्यंत बिअरमध्ये नाना झाडपाला घालत. त्यातून हॉप उरला तो केवळ चवीमुळे नव्हे, माल नासू न देण्याच्या या गुणामुळे. ‘कडवटपणाच हवा तर आपला कडुनिंब काय वाईट?’ असे कोणी विचारले तर उत्तर इथेच आहे. निंबाचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा, त्याला हॉपच्या तेलांची जोड नाही, आणि तो जिभेवरून लवकर हटत नाही. पण अल्फा आम्लांचे आणि तेलांचे दोन शत्रू आहेत, हवा आणि ऊब. हवा लागली की आम्ले बिघडतात, तेलांचा वास उतरतो आणि माल फार जुना झाला की त्याला चीजसारखा, घामट मोज्यांसारखा दर्प येतो.

हा बिघाड सगळ्या वाणांत सारख्या वेगाने होत नाही, आणि माझ्या म्हणण्याचा सगळा आधार या फरकात आहे. हॉपच्या धंद्यात एक माप रूढ आहे: माल 20 अंश सेल्सिअसला सहा महिने ठेवला तर त्यातले किती अल्फा आम्ल शिल्लक राहते. अमेरिकेत 1972 मध्ये प्रसारित झालेला आणि तिथल्या छोट्या ब्रूअरींचा लाडका झालेला कॅस्केड या मापावर जेमतेम निम्म्यावर येतो. झेक देशातला साझही तसाच, आणि भरपूर अल्फा असूनही कोलंबस फार वेगळा नाही. फगल, विलामेट आणि सेंटेनियल साधारण साठ-पासष्ट टक्क्यांवर राहतात, सिट्रा आणि मोझॅक पाऊणच्या आसपास. जर्मनीच्या ह्यूल संशोधन केंद्रातून आलेले मॅग्नम आणि पर्ले, इंग्लंडच्या वाय कॉलेजात तयार झालेला नॉर्दर्न ब्रूअर, अमेरिकेतले गॅलेना आणि जुना क्लस्टर हे मात्र ऐंशी टक्क्यांच्या घरात टिकतात. आता याला वऱ्हाडचे तापमान लावा. ढोबळ नियम असा की तापमान 15 अंशांनी वाढले की ऱ्हासाचा वेग दुप्पट होतो. उन्हाळ्यात घरातल्या फडताळात 35 अंश सहज असतात. म्हणजे कॅस्केडला निम्मे व्हायला सहा महिने नव्हे, तीनच पुरतात; फेब्रुवारीत फडताळात ठेवलेले पाकीट मेमध्ये काढले तर छापील आकडा निम्म्याने खोटा झालेला असतो. तेवढ्याच काळात मॅग्नमचे सुमारे 80 टक्के अल्फा शाबूत राहते. उलट बाजूने, उणे 10 अंशांच्या फ्रीझरमध्ये वेग चौथाईवर येतो आणि कॅस्केडलाही निम्मे व्हायला दोन वर्षे लागतात. हे आकडे उघड्या मालाचे आहेत. हवा काढून बंद केलेला माल याहून बराच टिकतो. पण वाणावाणांतला फरक तिथेही राहतो, आणि पाकीट एकदा फोडले की ते संरक्षण संपते.

यावर पहिला आक्षेप सुगंधाच्या बाजूने येईल, आणि तो रास्त आहे: मॅग्नम कितीही टिकला तरी त्याच्यातून सिट्राचा वास येणार नाही. खरेच नाही येणार. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष ‘मग सिट्राच घ्या’ असा नाही, तर ‘दोन कामांसाठी दोन हॉप घ्या’ असा आहे. कडवटपणा देणारा हॉप तासभर उकळतो, त्याची तेले वाफेबरोबर जातात, त्याच्या वासाला महत्त्व उरत नाही. तिथे मॅग्नम किंवा गॅलेनाचे मोठे पाकीट घेऊन वर्षभर वापरता येते. वासाचा हॉप शेवटी किंवा गॅस बंद केल्यावर पडतो. तो नाजूक असणार हे गृहीत धरून त्याचे लहानात लहान पाकीट घ्यावे आणि फोडले त्याच दिवशी संपवावे. हे न करता एकाच सुगंधी वाणाची अर्धा किलोची थैली ‘स्वस्त पडते’ म्हणून मागवणारे वऱ्हाडात तरी पैसे वाया घालवतात. दुसरा आक्षेप: फ्रीझर आहे ना, मग एवढी चिंता कशाला? फ्रीझर जरूर वापरा, पण पाकीट तुमच्या फ्रीझरपर्यंत पोचण्याआधी जे घडले ते तो उलटवू शकत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारची वीज गेली की तो किती वेळ थंड राहतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. वारंवार उघडलेले पाकीट तर थंडीतही हवा खाते. तिसरा आक्षेप जाणकार घेतात: बेल्जियममधल्या लँबिक बिअरसाठी दोन-तीन वर्षे मुद्दाम जुना केलेला हॉप लागतो, मग जुना हॉप वाईट कसा? लँबिकवाल्यांना कडवटपणा आणि वास दोन्ही नको असतात. त्यांना हवी असते फक्त जिवाणूंना आवर घालण्याची शक्ती, आणि ती आंबट बिअर वर्षानुवर्षे पिंपात मुरते. आपले पाकीट चुकून जुने झाले म्हणून कोणी लँबिक बनवत नाही.

तेव्हा मागवायचे कधी? उत्तर गोलार्धात हॉपची काढणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात होते आणि हिवाळ्यात नवा माल बाजारात येऊ लागतो. आपल्याकडेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ असा, की पार्सल अकोल्यापर्यंत न भाजता पोचते. अमेरिका, जर्मनी आणि झेक देशाचा हॉप म्हणून दिवाळीनंतर आणि होळीच्या आत मागवावा. ऑस्ट्रेलियाचा गॅलेक्सी आणि न्यूझीलंडचा नेल्सन सॉव्हिन यांची काढणी मात्र आपल्या फाल्गुन-चैत्रात होते, त्यामुळे त्यांचा ताजा माल नेमका आपल्या कडक उन्हात निघतो. त्यांचा मोह आवरता येत नसेल तर थंडी पडेपर्यंत थांबा. थंड गोदामात राहिलेला सहा महिन्यांचा माल उन्हातून आलेल्या ताज्या मालापेक्षा चांगला. घेताना सुटे वाळवलेले फुलोरे टाळावेत. दाबून केलेल्या पेलेटला हवा कमी लागते आणि जागाही कमी. पाकीट जाड चांदीच्या कागदाचे, हवा काढलेले किंवा नायट्रोजन भरलेले असावे. पारदर्शक पिशवीतला, दुकानदाराने किलोतून काढून मोजून दिलेला माल कितीही स्वस्त असला तरी सोडावा. पाकिटावर काढणीचे वर्ष आणि त्या लॉटचे अल्फाचे टक्के दोन्ही छापलेले हवेत. नुसती पॅकिंगची तारीख उपयोगाची नाही, कारण तीन वर्षांपूर्वीचा मालही काल पॅक करता येतो. फोडल्यावर पेलेट हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी झालेला, बोटांत चुरडल्यावर दर्प देणारा माल कोणत्याही नावाचा असो, तो गेला.

कडवटपणाच्या ताकदीचा हिशेब सोपा आहे आणि तो टिकाऊपणाच्या बाजूनेच साक्ष देतो. जिथे परवानगी आहे तिथे दहा लिटर साधी, सौम्य बिअर करायची आणि कडवटपणा 20 एकक हवा, असे धरू. हे एकक म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम रूपांतरित अल्फा आम्ल. तासभर उकळून अल्फाचा चौथा हिस्सा कामी येतो असे मानले, तर 13 टक्क्यांचा मॅग्नम सुमारे 6 ग्रॅम लागतो आणि साडेतीन टक्क्यांचा साझ 23 ग्रॅम. जास्त पाला म्हणजे तळाशी जास्त गाळ, त्या गाळात अडकलेले जास्त पेय आणि चवीत गवताळ झाक. साझ याने कमी ठरत नाही. युनेस्कोने 2023 मध्ये झाटेत्स परिसराला जागतिक वारसा म्हटले ते याच हॉपच्या परंपरेसाठी, आणि पिल्झनच्या सोनेरी बिअरचा नाजूक वास दुसऱ्या कशाने येत नाही. पण नुसत्या कडवटपणासाठी तो उकळून घालणे हा खर्चीक हट्ट आहे. इथे आणखी एक खाच आहे: हा हिशेब छापील टक्क्यांवर चालतो. उन्हात निम्मा झालेला 7 टक्क्यांचा कॅस्केड प्रत्यक्षात साडेतीनचा असतो, हिशेबाने घातलेले 11 ग्रॅम निम्मेच काम करतात, आणि दोष कृतीला दिला जातो. टिकाऊ वाणात ही चूक आपोआप लहान राहते.

पाण्याचा प्रश्न वऱ्हाडात बाजूला ठेवता येत नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूरकडच्या माणसाला विहिरीच्या पाण्याची चव सांगायला नको. या पाण्यात मीठ तर असतेच, शिवाय सोडियमचे बायकार्बोनेट असते आणि ते पाण्याचा सामू वर धरून ठेवते. सामू चढा असला की हॉपमधून कडवटपणा जास्त आणि खरखरीत उतरतो, घशाशी रेंगाळणारा. पाणी उकळून हा दोष जात नाही. उकळल्यावर चुन्याचा क्षार भांड्याच्या तळाशी बसतो, सोडियमचा तसाच राहतो. म्हणून त्या पट्ट्यात बोअरचे पाणी हॉपसाठी वापरूच नये, आरओचे घ्यावे. अकोला शहराला काटेपूर्णेचे आणि अमरावतीला अप्पर वर्ध्याचे धरणाचे पाणी मिळते, ते यापेक्षा खूपच बरे. रात्रभर उघडे ठेवून क्लोरीनचा वास घालवला की साध्या प्रयोगाला चालते. साझसारखे सौम्य वाण मात्र पिल्झनच्या अतिशय मृदू पाण्यावर नावाजले गेले, त्यांच्यासाठी आरओच हवे. वाण बदलून बदलून थकलेल्यांनी एकदा पाणी बदलून पाहावे.

विकत घेण्याची एवढी कटकट, तर चिखलदऱ्याला लावूनच का पाहू नये? तिथे कॉफी होते, हवा थंड असते, आणि अंजनगाव सुर्जीचे शेतकरी पानपिंपळीचे नाजूक वेल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. वेल चढवण्याचे कौशल्य वऱ्हाडाला नवे नाही. अडचण थंडीची नसून उजेडाची आहे. हॉपच्या वेलाला फुलण्याआधी पाच-सहा मीटर वाढायचे असते आणि त्यासाठी पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंच असला तरी अक्षांश आपलाच, एकवीसचा, आणि तिथला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्याही आत संपतो. इतक्या लहान दिवसात वेल अंगाने भरण्याआधी फुलायला लागतो आणि हाती मोजके फुलोरे येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या जॉर्ज भागाचा अक्षांश चौतीस. तिथेही शेतात रात्री दिवे लावून दिवस लांबवावा लागला आणि पुढे लहान दिवसाला मानवणारे वाण पैदा करावे लागले. भारतात हॉपची शेती झाली ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. हौस म्हणून कुंडीत एक वेल जरूर वाढवा, पण उत्पन्नाचे गणित मांडून कोणी रोपे विकायला आला तर त्याला आधी दिव्यांच्या वीजबिलाचे विचारा.

आता वऱ्हाडातल्या घरी, कायद्याच्या आत राहून, याचे काय करायचे? हॉपचे पाणी. यात यीस्ट नाही, आंबवणे नाही, आणि वासाच्या हॉपची खरी परीक्षा होते, कारण लपायला माल्ट नसते. इथे मॅग्नम कामाचा नाही; आधी सांगितलेल्या दोन कामांपैकी हे निव्वळ वासाचे काम आहे. टिकाऊपणात पाऊणच्या आसपास असलेला सिट्रा इथे माझी पहिली निवड, आणि आंबिया बहराची वरूड-मोर्शीची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरात बाजारात येतात तेव्हा तर त्याची जोडी सहज जमते. एक लिटर आरओचे पाणी उकळावे, गॅस बंद करून पंच्याहत्तर-ऐंशी अंशांपर्यंत उतरू द्यावे. हॉप घालण्याआधी अर्ध्या लिंबाचा रस पिळावा. पाणी आंबट झाले की कडवटपणा कमी आणि गुळगुळीत उतरतो, आणि पेय सुरक्षितही राहते. मग मलमलच्या पुरचुंडीत एक ग्रॅम पेलेट पंधरा मिनिटे बुडवून काढावा. एक ग्रॅम फार थोडा वाटेल, पण पहिल्यांदा तेवढाच. दोन ग्रॅमच्या पुढे बहुतेकांना ते औषध वाटते. संत्र्याची साल, आतला पांढरा भाग काढून, त्याच वेळी टाकता येते. गाळून थंड करावे आणि पिताना सोडा मिसळावा. साखर किंवा गूळ घालायचा तर पेल्यात, बाटलीत नाही. गोड पाणी अकोल्याच्या हवेत दोन दिवस बाहेर राहिले तर हवेतले यीस्ट त्याचे काम स्वतःच सुरू करते आणि बाटली फुटण्याचीही वेळ येते. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे.

हॉपला थोडा गुंगी आणणारा गुण आहे आणि त्यात स्त्री-संप्रेरकासारखे वागणारे द्रव्यही अल्प प्रमाणात असते. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि ज्यांचे संप्रेरकांशी संबंधित उपचार चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घरात कुत्रा असेल तर वापरलेली पुरचुंडी अंगणात किंवा उघड्या कचऱ्यात टाकू नका. हॉप खाल्ल्याने कुत्र्याच्या अंगाचा ताप जिवावर बेतेल इतका चढतो, आणि उकळून चोथा झालेला हॉपही त्याला तितकाच घातक असतो.